ड्यूटीवर असलेली कात्री

ऑफिसात नवी टीम जमली की पहिल्या मीटिंगला तो एक राऊंड होतोच. नाव, आधीची कंपनी आणि हॉबी. ट्रेकिंग, बायकिंग, फोटोग्राफी, बेकिंग... सगळं कसं सेफ! माझा नंबर आला की मी सांगते, ‘जुन्या काळातलं लष्करी मेडिकल सामान गोळा करते.’ दोन सेकंद शांतता. मग कोपऱ्यातून कुणीतरी हळूच विचारतं, ‘म्हणजे... बँडेजेस?’

हो बाबांनो, बँडेजेस. आणि सेफ्टी पिना. आणि रिकाम्या गोळ्यांच्या डब्या. लोक टपाल तिकिटं जमवतात, नाणी जमवतात, स्नीकर्ससाठी अर्धा पगार घालवतात, त्यांना कुणी काही म्हणत नाही. पण ऐंशी वर्षांपूर्वीचं न उघडलेलं ड्रेसिंग हातात धरून एखादी मुलगी खूश झाली की घरच्यांना वाटतं, हिचं लग्न लवकर उरकायला हवं. (उरकलं. नवरा चांगला आहे. फक्त बेडरूममधलं कपाट त्याला अर्धंच मिळालंय.)

तुम्ही म्हणाल, घरात कुणी मिलिटरीत असेल. अजिबात नाही. बाबा बँकेत, आई शाळेत. लष्कराशी माझा संबंध इतकाच की पुण्यात राहते आणि एएफएमसीवरून बस जाते. पेशानं मी सॉफ्टवेअर टेस्टर. यादी घ्यायची, एकेक ओळ तपासायची, काय राहिलंय ते शोधून समोरच्याला छळायचं, हे माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे एखादी वस्तू अर्धवट दिसली की मला झोप येत नाही.

बाण आणि आय

सहा वर्षांपूर्वी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेले होते ते टेबल लॅम्प शोधायला. बुधवारी आणि रविवारी भरणारा हा बाजार ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे, तिथे माणूस लॅम्पसाठी जातो आणि पितळी नळ घेऊन परत येतो. मी खाकी कॅनव्हासची पिशवी घेऊन आले. साडेतीनशे रुपये. आत पट्ट्यांचे रिकामे कप्पे आणि तळाशी घडी घातलेलं एक त्रिकोणी बँडेज. झाकणाच्या आतल्या बाजूला पुसट शिक्का: वर टोक असलेला एक बाण आणि त्याखाली इंग्रजी ‘आय’.

हा बाण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालमत्तेची जुनी खूण. खाली ‘आय’ असेल तर ती वस्तू इंडियाची, म्हणजे हिंदुस्थानी सैन्यासाठी घेतलेली. शेजारी वर्ष होतं, १९४३. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानी सैन्यात सुमारे पंचवीस लाख माणसं होती, सगळी स्वेच्छेनं भरती झालेली. इतिहासाच्या पुस्तकात ते एक वाक्य होतं. त्या दिवशी त्यातल्या कुणाच्या तरी खांद्यावरची पिशवी माझ्या स्कूटीच्या हुकला लटकत होती.

आणि ती रिकामी होती. झालं! रोग लागला.

कम्प्लीट म्हणजे नेमकं काय?

या छंदात दोन पंथ आहेत. पहिला म्हणतो, सगळं एकाच वर्षाचं आणि शक्यतो एकाच कारखान्याचं हवं. दुसरा म्हणतो, त्या काळात ते सामान सोबत जात होतं ना, मग चालेल. मी मधली. माझा नियम असा, की वस्तू त्या काळातली हवी, हिंदुस्थान-ब्रह्मदेश आघाडीवर वापरात असलेल्या प्रकारातली हवी, आणि एखाद्या ठिकाणी नक्कल ठेवलीच तर तिच्यावर ‘नक्कल’ अशी चिठ्ठी हवी. जुनी मॅन्युअल्स आणि फोटो पालथे घालून मी अकरा वस्तूंची यादी केली. एक्सेल शीट, अर्थातच. हिरवं म्हणजे मिळालं, लाल म्हणजे शोध चालू.

एकेक वस्तू मिळत गेली तसा मला या सामानामागचा विचार कळत गेला, आणि खरी मजा तिथेच आहे.

‘फर्स्ट फील्ड ड्रेसिंग’ घ्या. खाकी कापडात शिवलेलं, मुठीत मावणारं पुडकं. ब्रिटिश बॅटलड्रेसच्या पँटला पुढे त्यासाठी खास खिसा असायचा. आत ड्रेसिंग एक नाही, दोन असतात. का? कारण गोळी आत शिरते आणि बरेचदा पलीकडून बाहेरही पडते. हे कळलं तेव्हा मी ते पुडकं दोन मिनिटं टेबलावर ठेवून दिलं होतं. आणखी एक शिकवण: जखमी माणसाला बांधायचं ते त्याच्याच खिशातलं ड्रेसिंग, आपलं नाही. आपलं दिलंत तर पुढच्या वळणावर तुमच्यासाठी काय उरणार? ऐकायला कठोर वाटतं, पण हिशेब चोख आहे.

त्रिकोणी बँडेजची गोष्ट तर भन्नाट. ते लोकप्रिय केलं जर्मन लष्करी सर्जन फ्रीडरिश फॉन एसमार्क यांनी, एकोणिसाव्या शतकात. त्याआधी स्वित्झर्लंडमधल्या मातियास मेयर यांनी त्याचा पुरस्कार केला होता. एसमार्क यांची कमाल अशी, की त्यांनी कापडावरच चित्रं छापून घेतली. डोक्याला कसं बांधायचं, हाताची झोळी कशी करायची, गुडघ्याला कसं गुंडाळायचं, सगळं चित्रातून. ज्याला वाचता येत नाही, ज्याचे हात थरथरताहेत, त्यालाही कळलं पाहिजे. आपल्या यूएक्स डिझायनर मंडळींनी हे एकदा जरूर बघावं.

आणि मेपाक्रिनची डबी. ब्रह्मदेशात जपान्यांपेक्षा डास जास्त माणसं लोळवत होते. चौदाव्या सैन्याचे सेनापती जनरल स्लिम यांनी ‘डिफीट इंटू व्हिक्टरी’ या पुस्तकात लिहून ठेवलंय, की १९४३ मध्ये जखमी म्हणून मागे पाठवलेल्या एका माणसामागे १२० जण आजारी म्हणून मागे जात होते. त्यावर उपाय म्हणजे रोजची मेपाक्रिनची गोळी. पण गोळीनं कातडी पिवळी पडायची आणि पुरुषत्व जातं अशी अफवा होती, त्यामुळे जवान ती टाळायचे. स्लिमनी अचानक तपासण्या लावल्या. गोळी न घेणाऱ्यांचं प्रमाण ज्या तुकडीत जास्त निघालं, तिच्या कमांडिंग ऑफिसरची उचलबांगडी! तिघे घरी गेल्यावर बाकीच्यांना अर्थ समजला. माझ्या डबीत गोळ्या नाहीत, फक्त तळाला पिवळी पूड चिकटलेली आहे. ती मी पुसलेली नाही.

खरं-खोटं

आता थोडं व्यवहाराचं. कारण हे वाचून कुणी पुढच्या रविवारी बाजारात धावेल आणि चहाच्या पाण्यात बुडवलेलं कालचं कापड घेऊन येईल.

सिनेमांसाठी आणि युद्धाचे प्रसंग उभे करणाऱ्या हौशी मंडळींसाठी हुबेहूब नकला बनतात. त्यात काही गैर नाही. गैर आहे ते त्या ‘ओरिजिनल’ म्हणून खपवणं. माझ्या पर्समध्ये एक छोटा अल्ट्राव्हायोलेट टॉर्च असतो. कापडाला पांढरं शुभ्र दाखवणारी रसायनं युद्धानंतर सर्रास वापरात आली. अंधारात टॉर्च मारला आणि कापड निळसर चमकलं की शंका घ्यायची. शंकाच, निकाल नाही. कारण कुणा भल्या गृहिणीनं जुनं कापड हल्लीच्या पावडरनं धुतलं असेल तरी ते चमकतं. मग शिलाई बघायची. त्या काळातला दोरा सुती. नायलॉनचा निघाला तर एकतर नक्कल, नाहीतर नंतरची डागडुजी.

सांभाळणं हा निराळा विषय. पुण्याचा पावसाळा कॅनव्हासचा शत्रू नंबर एक. पिशवी धुवायची नाही, मऊ ब्रशनं झटकायची. लोखंडावर मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात. न उघडलेलं पुडकं कधीही उघडायचं नाही, कितीही मोह झाला तरी. सर्वांत वाईट नशीब रबराचं. रक्त थांबवायला बांधायची रबरी नळी, तिला टोकाला नांगराच्या आकाराचा धातूचा हुक. हुक हवे तितके मिळतात. नळी मात्र वाळून, तडकून गेलेली असते. मला साबुत नळी मिळायला दोन वर्षं लागली. मुंबईच्या मटन स्ट्रीटवर मिळाली, एका मोडक्या ग्रामोफोनच्या भोंग्यात कोंबलेली. विचारू नका तिथे कशी पोहोचली.

आणि दोन गोष्टींना हात लावायचा नाही. पहिली, मॉर्फिन. अमेरिकन सैन्याकडे टूथपेस्टच्या इवल्याशा ट्यूबसारख्या सुई लावलेल्या सिरेट असत. वापरून झाली की रिकामी ट्यूब जखमीच्या कॉलरला टोचून ठेवायची, म्हणजे पुढच्या डॉक्टरला कळावं की डोस दिलाय, आणखी दिला तर जीव जाईल. कल्पना केवढी साधी! पण भरलेली सिरेट घरात ठेवणं म्हणजे १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याशी गाठ. ती ‘दुर्मिळ’ म्हणून कुणी पुढे केली तर हसून पुढे चालू लागा. दुसरी गोष्ट, रेड क्रॉसचं चिन्ह. १८६४ च्या पहिल्या जिनिव्हा करारापासून ते युद्धात वैद्यकीय मदतीचं संरक्षण आहे. आपल्याकडे १९६० च्या जिनिव्हा कन्व्हेन्शन्स अ‍ॅक्टनुसार ते मनाला येईल तसं वापरता येत नाही. तेव्हा नव्या पेटीवर ‘लुक’ यावा म्हणून लाल क्रॉस रंगवण्याची हौस नको.

आगगाडी आणि खेचर

नवऱ्यानं एकदा विचारलं, ‘यात बंदूक नाही, तलवार नाही. मग थ्रिल कशात आहे?’ त्याला मी दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली कोरियाची. डिसेंबर १९५०. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली भारताची ६० पॅराशूट फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स प्याँगयांगला होती आणि चिनी फौजा येताहेत म्हणून शहर सोडायचा हुकूम आला. सामान न्यायला गाड्या नाहीत. माणसं निघू शकली असती, पण सामानाशिवाय वैद्यकीय तुकडी म्हणजे नुसती माणसं. त्यांनी एक जुनं वाफेचं इंजिन शोधलं, बादल्यांनी त्यात पाणी भरलं, इंजिन चालवता येणारे आपल्यातूनच उभे केले आणि सगळं सामान घेऊन दक्षिणेला निसटले. पुढे मार्च १९५१ मध्ये याच तुकडीतली माणसं अमेरिकन छत्रीधारी सैनिकांबरोबर मुनसान-नीला उतरली. सामान मागे राहिलं असतं तर?

दुसरी आपल्या घरची. कॅनेडियन सर्जन नॉर्मन बेथून यांनी चीनमध्ये आघाडीजवळ काम करताना खेचराच्या पाठीवर लादता येईल असा शस्त्रक्रियेचा अख्खा संच तयार करून घेतला होता. खेचर थांबलं की तिथे ऑपरेशन थिएटर. बेथून १९३९ मध्ये गेले. त्यांच्या नावाच्या इंटरनॅशनल पीस हॉस्पिटलचे पहिले संचालक १९४१ मध्ये झाले आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी एक. १९४२ च्या डिसेंबरात ते तिथेच वारले, वय अवघं ३२. शांतारामबापूंच्या सिनेमामुळे नाव सगळ्यांना ठाऊक असतं. मला मात्र प्रत्येक वेळी ते खेचर आठवतं. कारण त्याच्या पाठीवर एखादी वस्तू चढवायची राहिली, तर ती आणायला जायला दुकान नव्हतं.

‘कम्प्लीट’ या शब्दाचा अर्थ मला तिथे कळतो. कपाटात तो शोभेचा असतो. डोंगरात तो एका माणसाचा जीव असतो.

अकरावी वस्तू

पाच वर्षांत दहा ओळी हिरव्या झाल्या. उरली एक. कात्री. जखमेवरचा गणवेश कापायची, एका पात्याचं टोक बोथट असलेली, बाण-आय शिक्क्याची.

ओळखीतून कळलं, खडकीला एक काका राहतात. आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होते, आता ऐंशीच्या घरात. त्यांच्याकडे आहे. मी पेढे घेऊन गेले. काकांनी पिशवीचे फोटो चष्मा वर-खाली करत बघितले, नळीचा हुक ओळखला, एका कप्प्याबद्दल मला नवीन माहितीही दिली. मग काकूंना हाक मारली. काकू स्वयंपाकघरातून कात्री घेऊन आल्या. तिला कोथिंबिरीचं पान चिकटलं होतं.

१९४२ चा शिक्का. पाती अशी की केस कापला जाईल. भरती झाल्यावर ज्यांनी शिकवलं त्या उस्तादांनी, कंडेम झालेल्या सामानातून ती काकांना दिली होती. ७१ च्या लढाईत ती त्यांच्याजवळ होती. आता दुधाच्या पिशव्या कापते.

‘काका, किंमत तुम्ही सांगाल ती,’ मी म्हटलं.

‘ही विकायची नाही, बाळ.’

‘मी खूप जपून ठेवीन.’

‘तेच तर,’ काका म्हणाले. ‘तू जपून ठेवशील. ही अजून ड्यूटीवर आहे.’

काकू हसल्या. मी पण हसले, पण खरं सांगते, पोटात कालवलं. पाच वर्षं! चहा झाला, पेढे झाले. निघताना काकांनी सहज विचारलं, ‘तुमच्या हापिसात असेल ना डबा फर्स्ट एडचा? त्यात काय काय आहे?’

माझ्याकडे १९४३ च्या पिशवीची पाठ यादी होती. ज्या इमारतीत दिवसाचे दहा तास घालवते, तिथल्या डब्याबद्दल काही सांगता येईना.

केचपची पाकिटं

सोमवारी उघडला. पँट्रीच्या भिंतीवरचा पांढरा डबा, सगळ्यांनी रोज पाहिलेला. आत काय होतं? कापसाची अर्धी गुंडाळी. तीन वर्षांपूर्वी मुदत संपलेली अँटिसेप्टिकची बाटली. डोकेदुखीच्या गोळ्यांची रिकामी स्ट्रिप. दोन पट्ट्या. स्टेपलरच्या पिना. आणि टोमॅटो केचपची चार पाकिटं.

अ‍ॅडमिनला मेल टाकला. उत्तर आलं, ‘प्लीज रेझ अ टिकेट.’ तिकीट टाकलं. आठवड्यानं ‘रिझॉल्व्ह्ड’ झालं. जाऊन बघते तर त्याच डब्यात पट्ट्यांचं एक नवं पाकीट. केचप तसंच!

मग मी माझं नेहमीचं काम केलं. यादी. ओळखीच्या डॉक्टरला दाखवून घेतली. जाड निर्जंतुक पॅड, रुंद रोलर बँडेज, त्रिकोणी बँडेज, हातमोजे, चिकटपट्टी, बोथट टोकाची कात्री आणि बाकीचं किरकोळ. लक्ष्मी रोडच्या एका मेडिकलमधून आणलं, बिल माझ्या खिशातून. माझ्या संग्रहातल्या एका बऱ्या ड्रेसिंगच्या किमतीपेक्षा कमी आलं. झाकणाच्या आत यादी चिकटवली, खाली ठळक अक्षरात १०८. शेजारच्या टीममधला एक जण म्हणाला, ‘काय युद्धाची तयारी का?’

तीन महिन्यांनी पँट्रीतल्या टेबलाची काच फुटली आणि चहा देणाऱ्या मुलाचा हात कोपराखाली उभा चिरला. विशीतला पोरगा. रक्त किती येऊ शकतं हे सिनेमात कळत नाही. आजूबाजूला दहाबारा जण, सगळे इंजिनीअर, सगळे फोन काढून उभे. कुणी म्हणत होतं हळद आणा, कुणी म्हणत होतं नळाखाली धरा.

मी शूर वगैरे नाही. पण पाच वर्षं हेच वाचत होते ना. हातमोजे, पॅड, आणि दाब. नुसता ठेवायचा नाही, जोरात द्यायचा आणि उचलून बघायचं नाही. पॅड भिजलं तसं त्यावर दुसरं. वर घट्ट रोलर बँडेज. हात वर धरून ठेवला. शेजारच्या टीममधला तोच ‘युद्धाची तयारी’वाला १०८ ला पत्ता सांगत होता. पोरगा माझ्याकडे बघून सारखं एकच विचारत होता, ‘मॅडम, हात राहील ना?’ मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, ‘तू माझ्याशी बोलत राहा.’

हात राहिला. टाके बरेच पडले. अंगठ्याला अजून थोडी बधिरता आहे, पण कप उचलतो. परत आल्यावर पहिल्या दिवशी त्यानं मला न विचारता आल्याचा चहा आणून ठेवला.

आता आमच्या मजल्यावर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी डबा तपासला जातो. मी आणि तो, दोघं मिळून. तो वस्तूचं नाव वाचतो, मी टिक करते. वापरलेलं त्याच दिवशी भरायचं, हा नियम त्याचा. बाकीच्या मजल्यांवरूनही यादी मागायला माणसं आली.

आणि माझी पिशवी? दहावर थांबली आहे. मध्यंतरी एका व्यापाऱ्यानं तशीच कात्री देऊ केली, १९४४ ची, बऱ्यापैकी स्वस्त. घेतली नाही. तो कप्पा रिकामा नाही, असं मी एक्सेलमध्ये नोंदवलंय. अकरावी ओळ: कात्री, १९४२, सध्या खडकी, वापरात. रंग हिरवा.

उद्या चहाला उठाल तेव्हा तुमच्या पँट्रीतला डबा उघडून बघा. पाच मिनिटांचं काम आहे. आत केचप निघालं तर लाजू नका, आमच्याकडेही होतं. फक्त ते काढून त्या जागी एक जाड पॅड ठेवा. आणि दोनच्या हिशेबानं ठेवा.